कोरडं चाक

करंट यायला वेळ आहे, तोवर ऐका. तुम्ही पोरं तेव्हा जन्मलाही नव्हतात. नल्लकुंट्याच्या संभाजीची ही गोष्ट, त्याच्या तोंडून ऐकली तशीच सांगतो.

संभाजी कारखान्यात लेथवर होता. बाहेरचा माल देशात मोकळा झाला, कारखान्याच्या दोन पाळ्यांची एक झाली, आणि पस्तिशीतच तो घरी बसला. बायको रेणुका दवाखान्यात आया. मुलगी मानसी, चार वर्षांची. नांदेडकडचं घर कधीच सुटलेलं, परत जायला जागा नाही. अशात चारकमानीतल्या एका जवाहिऱ्यानं त्याच्या हाताची सफाई पाहिली आणि म्हणाला, अकीकाचे दहा खडे घासून आण. पसंत पडले तर काम कायमचं. पण मशीन तुझं तू बघ.

म्हणून तो खिशात टेप घालून मशीन बघायला निघाला. घर दोन खोल्यांचं. मानसीचा पलंग आणि मोरी यांच्यामध्ये सव्वादोन फूट मोकळे, तेवढीच जागा. सिकंदराबादला एक नवंकोरं मशीन होतं. कापायची पाती, घासायचं चाक, पॉलिशचं चाक, सगळं एकाच पेटीत, खाली पाण्याची बंद टाकी. टाकीसकट ते तीन फुटांवर जात होतं. दुसऱ्या दुकानातलं मावलं असतं, पण चालू केलं की बोललेलं ऐकू येईना. वर घरमालक राहायचे.

तिसरं मिळालं याकूतपुऱ्यात, एका म्हातारीच्या घरी. तिचा नवरा खडे घासायचा, दोन वर्षांपूर्वी गेला. मशीन शिलाई मशीनएवढं, आवाज पंख्याएवढा. चाकावर थेंब थेंब पाणी सोडणारा डबा आणि खाली परात एवढंच काय ते वेगळं. संभाजीनं टेप लावला. परातीशिवाय बरोबर बसत होतं.

"अम्मा, डबा-परात राहू द्या. पाणी उडतं, पोरीचं अंथरूण शेजारीच असतं."

म्हातारीनं डब्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "सूखा नक्को चलाना बेटा. हमारे साब को इसीच धूल ने खाया. खाँसते खाँसते गए."

संभाजी "हौ" म्हणाला आणि मशीन रिक्षात घातलं.

चार दिवसांत रेणुका कुरकुरायला लागली. "अहो, भाकरीवरसुद्धा दगडाचं पीठ बसतंय. पोरगी रात्री खोकते. ते टाकीवालं मशीन का नाही घेतलं?"

"नमुना पास होऊ दे," तो म्हणाला. "मग पुढं मोठी खोली बघू."

आता ती रात्र. नऊ डिसेंबर एकोणीसशे चौऱ्याण्णव, शुक्रवार. सकाळी नमुना द्यायचा होता आणि तीन खडे राहिले होते. रेणुकाची रात्रपाळी. संध्याकाळी गेलेला करंट साडेअकराला आला. संभाजीनं आतून कडी घातली, आवाज जाऊ नये म्हणून दोन्ही खिडक्या लावल्या आणि बसला. मानसी भिंतीकडे तोंड करून झोपलेली.

एक खडा झाला. दिव्याभोवती पांढरं धुकं धरलं होतं. दुसरा निम्म्यावर आला आणि मागं कुणीतरी खोकलं.

त्याला वाटलं, मानसी. वळून पाहिलं. ती शांत झोपली होती.

पुन्हा चाक लावलं. पुन्हा खोकला. आता नीट ऐकू आला. पुरुषाचा. म्हातारा, कोरडा, छातीच्या तळातून ओढून काढलेला. वर घरमालक असतील, असं त्यानं मनाला सांगितलं. पण घरमालक गुरुवारपासून वरंगळला गेले होते, हे त्याला आठवलं.

त्यानं हात उचलला नाही. दीडच खडा उरला होता.

तिसऱ्यांदा खोकला कानाशी आला. इतका जवळ, की मानेवर वारा लागला.

त्यानं बटण बंद केलं.

चाक थांबलं नाही.

त्यानं प्लग उपटला. वायर हातात आली. चाक फिरतच होतं… तेवढ्यात दिवा गेला. गल्लीतलेही गेले.

अंधार. चाकाची घरघर. आणि मग तिच्यात दुसरा आवाज.

टप… टप…

पाणी. चाकावर पाणी पडत होतं. डबा तर याकूतपुऱ्यात होता.

संभाजीनं "कोण?" म्हणायला तोंड उघडलं. तोच अंगाला अंग घासून कुणीतरी त्याच्या पुढून गेलं. हळू. पाय ओढत.

पलंगाकडे.

तिथं मानसी होती.

त्याला उठायचं होतं. पाय हलेनात. पलंगाची पट्टी करकरली, कुणी वाकावं तशी… मग काहीच नाही. चाक थांबलं. खोकलाही थांबला. पोरीचा श्वास ऐकायला तो कान देत राहिला. तोही ऐकू येईना.

दोन वाजून दहा मिनिटांनी करंट आला.

तो गुडघ्यांवर सरकत पलंगापाशी गेला. मानसी जिवंत होती. छाती वरखाली होत होती. पण तिच्याकडे नीट पाहिलं आणि तो तसाच खाली बसला. हात लावायची हिंमत झाली नाही. उजाडेपर्यंत तिच्या उशाशी बसून राहिला.

तो नमुना त्यानं दिलाच नाही. पुढं पलंग विकून, खाली अंथरूण टाकून सिकंदराबादचं टाकीवालं मशीन घरात आणलं, आणि संक्रांतीनंतर दुसऱ्या जवाहिऱ्याकडं काम सुरू केलं. पण ते नंतर. त्या सकाळी सात वाजता रेणुका आली. आतली कडी संभाजीनंच काढली.

"हे कुणी बांधलं हिला?" तिनं विचारलं.

मानसीच्या नाकातोंडावरून एक रुमाल बांधलेला होता. निळ्या चौकडीचा, जुना, ओला. घरातला नव्हता. मागं डोक्याशी बारीक दुहेरी गाठ, केस एकही न ओढता मारलेली.

रेणुकानं तो सोडवला, उलटून पाहिला. बाहेरच्या बाजूला बोटभर पांढरं पीठ बसलं होतं. आतली बाजू स्वच्छ होती.

त्या रात्री पोरगी एकदाही खोकली नव्हती.