उन्हात वाळवलेले वाडगे

काशीमीऱ्याच्या नाक्यावर मातीच्या पोत्यांवर बसून पंचशीला रिक्षावाल्यांशी भांडत होती आणि चक्क हरत होती. भांडणात हरायची तिला मुळीच सवय नव्हती.

गुजरातहून तिची माती घेऊन आलेल्या ट्रकवाल्याने पोती हायवेवरच उतरवली होती. भाईंदरच्या गल्लीबोळांत गाडी घालणार नाही म्हणाला आणि धूळ उडवत निघूनही गेला. आता रिक्षा थांबायच्या, पोती बघायच्या आणि सुटायच्या.

"भैया, मिट्टी है, बॉम्ब नहीं!"

"स्प्रिंग बैठ जायेगी, मॅडम."

तेवढ्यात एक निळा टेम्पो तिच्यासमोर कच्चकन थांबला. खिडकीत उन्हाने रापलेला चेहरा, दाट भुवया, आणि हसू तर असं की जणू जुनी ओळख असावी.

"कुठं जायचंय?"

"अहो दा—" दादा हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. का कोण जाणे, तिने तो गिळून टाकला. "खारीगावाच्या पुढे, इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. पण तुमच्या गाडीत... हा वास..."

"ठाण्याला मासळी टाकून येतोय. क्रेट रिकामे आहेत, वास तेवढा उरलाय. तो काय उतरत नाय."

"माझ्या मातीला लागला तर?"

"मग तुमच्या मातीला भाव येईल ना!"

पंचशीलाला हसू फुटलं. एकदा हसल्यावर नाही कसं म्हणायचं? पोती टेम्पोत चढली आणि पाठोपाठ तीही.

त्याचं नाव अल्पेश. उत्तनच्या कोळीवाड्यातला. वडिलांच्या माघारी होडी काकांनी सांभाळली, बाजार ह्याने. एवढी माहिती त्याने पहिल्या सिग्नललाच देऊन टाकली. दुसऱ्या सिग्नलला त्याने विचारलं, "मातीचं काय करता?"

"वाडगे करते. चाकावर फिरवून, भट्टीत भाजून. आधी बँकेत होते, सोडली."

"चांगली बँक सोडली? का?"

"तिथे दिवसभर हात कोरडे राहायचे."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मागच्या बसने हॉर्न दिला तेव्हा कुठे गाडी हलली. "आमच्याकडे उलटं आहे," तो म्हणाला, "हात कधी कोरडे होतात म्हणून माणूस वाट बघतो."

तिचा गाळा स्टीलची भांडी पॉलिश करणाऱ्या गाळ्यांच्या मधोमध होता. सगळीकडे लखलखती पातेली आणि मध्ये हिची माती. शेजारचे कामगार तिला रोज चिडवायचे, "दीदी, स्टील का जमाना है!" आणि ती रोज उत्तर द्यायची, "तो जमाने को बोलो, रुक जाये." पहिल्या बॅचमधले निम्मे वाडगे फुटले तेव्हासुद्धा ती रडली नव्हती. दुसऱ्या दिवशी नवी माती मळायला बसली होती.

अल्पेशने पोती आत आणून टाकली आणि फळीवरचा एक वाडगा दोन्ही तळव्यांत धरला. निळसर, आत थोडा हिरवा. त्याने तो उजेडात फिरवून बघितला.

"ह्यात आईच्या हातचं कालवण कसलं दिसेल..." तो म्हणाला. "ऐका ना, मी खानावळ काढतोय. उत्तनला, घराच्या पडवीतच. नाताळच्या आधीच्या रविवारी उघडायची. चाळीसेक वाडगे मिळतील?"

"मिळतील. पण आधी कालवण खाऊन बघायला लागेल."

"का?"

"काय वाढायचंय ते कळल्याशिवाय वाडगा कसा करू?"

खरं कारण हेच होतं. निदान निम्मं तरी!

मग अल्पेशच्या आठवड्यातल्या दोन फेऱ्या भाईंदर पूर्वेला होऊ लागल्या. हातात डबा, डब्यात हंसाकाकीचं, म्हणजे त्याच्या आईचं, ओल्या बोंबलांचं कालवण. पंचशीला ते वेगवेगळ्या वाडग्यांत ओतून बघायची. उभट वाडग्यात बोंबील वाढताना मोडायचा. पसरट वाडग्यात तो अख्खा आडवा पडायचा, पण कालवण लवकर निवायचं. तिने बूड जाड केलं, काठ जरासा आत वळवला. नवव्या का दहाव्या वाडग्यात बोंबील अख्खा राहिला आणि रस्सा गरम राहिला, तेव्हा दोघांनी एकाच वेळी "हाच!" म्हटलं आणि नंतर उगाचच दोघंही भलतीकडे बघू लागले.

एकदा त्याने चाकावर बसायचा हट्ट धरला.

"कोपर मांडीला टेकव," ती समोर स्टुलावर बसून म्हणाली. "मातीला ढकलू नकोस. फक्त धरून राहा. फिरायचं काम तिचं आहे."

"ही पळतेय!"

"तू घाबरतोयस म्हणून."

"समुद्रात नाय घाबरलो कधी."

"समुद्राने तुझ्याकडे असं बघितलं नसेल."

मातीचा गोळा भुर्रकन निसटून भिंतीवर आपटला. अल्पेशच्या नाकावर राखाडी शिंतोडा, केसांत चिखल. पंचशीला पोट धरून हसत होती. त्याने बोट पुढे केलं आणि तिच्या गालाला मातीचा एक ठिपका लावला. अगदी हळू. "आता फिट्टंफाट," तो म्हणाला, आणि ती हसायची एकदम थांबली. त्या दिवशी चाकावरच अहोजाहो संपलं होतं. तिला हा मुलगा आवडायला लागला होता. मनाशी तिने ते सरळ कबूलही करून टाकलं. उगाच आढेवेढे घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. सांगायचं कधी, एवढाच प्रश्न होता. खानावळ उघडेल त्या दिवशी, तिने ठरवलं. आपल्याच वाडग्यातलं कालवण खाऊन, तिथेच, सगळ्यांसमोर.

सगळे वाडगे चाकावरून उतरले आणि नेमकं परभणीच्या चुलत बहिणीचं लग्न आलं. वाडगे ओले, प्लास्टिकखाली झाकलेले. पंचशीलाने आजवर गाळ्याची चावी कुणालाही दिली नव्हती. ती तिने अल्पेशच्या हातावर ठेवली.

"गाळा बघशील ना?"

"बिनधास्त जा. लग्नात नाच."

वाडग्यांना हात लावायचा नाही, ते प्लास्टिकखाली सावलीत सावकाश सुकतात, हे सांगायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. तिच्या दृष्टीने ते सांगायची गोष्टच नव्हती.

आणि अल्पेश तर उत्तनचा. त्याच्या घरी ओली वस्तू एकच ठिकाणी जाते, ती म्हणजे उन्हात. त्याने गाळा उघडला, प्लास्टिकच्या आत पाण्याचे थेंब जमलेले बघितले आणि त्याच्या काळजात चर्र झालं. मासळी अशी झाकून ठेवली तर संध्याकाळपर्यंत वाया! शिवाय रविवार जवळ आलेला, भट्टी लावायची बाकी. पंचशीला येईपर्यंत सगळं वाळवून ठेवू, बघून खूश होईल... त्याने एकेक वाडगा जपून गच्चीवर नेला, कडक उन्हात, भर वाऱ्यात मांडला. दिवसभर तिथेच बसून, सुकत घातलेली मासळी उलटतात तसे सगळे उलटत राहिला. स्वतः जेवलासुद्धा नाही.

पंचशीला परत आली तेव्हा तो गच्चीच्या दारात उभा होता. आता त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

ऊन-वाऱ्यात भराभर वाळल्याने एकही वाडगा शाबूत नव्हता. कुणाचा काठ वेडावाकडा झालेला, कुणाच्या बुडाला आरपार चीर, काही तर हातात घेताच दोन झाले. दोन महिन्यांची मेहनत! पंचशीलाच्या कानशिलात आग पेटली.

"तुला कोणी हात लावायला सांगितलं होतं?"

"मला वाटलं... ओले होते..."

"ओलेच ठेवायचे असतात! माझं काम आहे ते, तुझी मासळी नाही!"

त्याने चावी कठड्यावर ठेवली आणि तो जिना उतरून गेला. रात्री फोन उचलला नाही. सकाळी एक मेसेज तेवढा आला, 'वाडगे राहू देत. स्टीलच्या वाट्या आणतो. सॉरी. तुझ्यासमोर यायचं तोंड नाही मला.' त्यानंतर तर फोनच बंद.

दिवसभर पंचशीला तणतणली. मग तिने फुटके वाडगे गोळा केले आणि पाण्याच्या टबात सोडले. कच्च्या मातीचं हे एक बरं असतं, भट्टीत जाईपर्यंत ती कधीच वाया जात नाही. आणि कडकडीत वाळलेली तर पाण्यात पडताच चुरचुरत विरघळायला लागते. वाडग्यांचे काठ गळून पडले, बुडं फुगली, आणि बघता बघता टबात नुसता मऊ चिखल उरला. उद्या मळला की पुन्हा चाकावर. गेलं काय मग? माती तर इथेच होती. गेला होता तो अल्पेश, आणि त्याला आपणच घालवलं होतं. चिखलाच्या हातानेच तिने डोळे पुसले. वाडगे मोडले म्हणून ती रडत नव्हती, हे तिचं तिलाच कळत होतं. पण असा माणूस हातचा जाऊ देणारी ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ती बाबांशी जरा बोलली, भाईंदर पश्चिमेला आली आणि उत्तनची बस पकडली.

कोळीवाड्यात शिरताच तिला पहिल्या दिसल्या त्या वलांड्या, बांबूच्या आडव्या दांड्या, आणि त्यांवर ओळीने लटकलेले बोंबील. जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने. उन्हात चांदीसारखे चमकत होते. एक ठेंगणी, खमकी बाई त्यांच्यामधून फिरत होती, सुकलेले काढत होती, ओले लावत होती.

"हंसाकाकी?"

"तू गो मातीवाली?" बाईने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "ये बाय, ये. माझा पोर दोन दिस जेवला न्हाय. त्याचा काय चुकला ता मना सांग. वला हाय ता उन्हात घालाचा, ह्या तर आमचा बारका पोर पन जानतो."

पंचशीला बघतच राहिली. पाण्यातून आलेलं जे काही मोलाचं, ते ही माणसं ऊन-वाऱ्यात अशी राखतात, दिवसभर उभं राहून. अल्पेशने तिचे वाडगे असे राखले होते. त्याला जमेल तितक्या मायेने, उपाशीपोटी. तिचे डोळे भरून आले.

"त्याचं काही चुकलं नाही, काकी. माझंच सांगायचं राहिलं."

"मंग त्याला सांग. त्यो काय मागं उभा हाय."

ती वळली. दोन्ही हातांत ओल्या बोंबलांच्या जोड्या घेऊन अल्पेश वलांडीपाशी थिजून उभा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"तू कशाला आलीस?" तो पुटपुटला. "मी तुझी सगळी मेहनत..."

"विरघळली टबात. उद्या मळायला घेतेय, नव्या वर्षात वाडगे तयार. काकी, तोवर खानावळ स्टीलवर चालेल ना?"

"न चालाला काय झाला? कालवन ताच हाय," हंसाकाकी म्हणाली आणि उगाचच पलीकडच्या ओळीतले बोंबील बघायला गेली. कान मात्र इकडेच होते.

"ऐक अल्पेश," पंचशीला दोन पावलं पुढे आली. तिचा आवाज जरासुद्धा कापत नव्हता, छातीत काय चाललं होतं ते तिचं तिला ठाऊक. "वाडगे मी पुन्हा करीन. हव्या तितक्या वेळा करीन. पण तुला कुठून पुन्हा करू? तू मला आवडतोस. रविवारी सांगणार होते, आजच सांगतेय."

अल्पेशचे ओठ हलले... शब्द काही फुटेना.

"बोल रं मुडद्या!" पलीकडून हंसाकाकी ओरडली.

"मला तर... त्या नाक्यापासूनच," तो कसाबसा म्हणाला. "पण तुझ्या घरी? आम्ही मासळीवाले, कोळीवाड्यातले... तुझे बाबा काय म्हणतील?"

"बाबांना सकाळीच सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"की मला उत्तनचा एक मुलगा आवडतो आणि त्याने माझे सगळे वाडगे उन्हात घालून तडकवले."

"अगं, असं सांगतात का!" तो कळवळला. "मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, आणि तरी आवडतो?"

अल्पेश एक पाऊल जवळ आला. "मग तू?"

"मी म्हटलं, बाबा, तडकले तेव्हाच तर कळलं."

हातातले बोंबील त्याने आईच्या टोपलीत टाकले आणि खारट, ओल्या हाताने तिचा हात धरला. तिने तो सोडवला नाही.