सातशेवीस टाक्यांची बोट

वाऱ्यानं छत्री उलटी केली म्हणून मी बाबांच्या चर्चमध्ये धावत शिरले… आणि शिडीवरून सोनेरी लोकरीचा गुंडा थेट माझ्या डोक्यावर!

"अरे देवा! लागलं का?"

"लोकर लागते का कुणाला?" मी हसले. तो मात्र कानापर्यंत लाल.

हा विलाड्स, गावच्या शाळेतला नवा गणिताचा मास्तर. भिंतीवर विणकामातली बोट होती. प्रत्येक टाका म्हणजे एक आकडा. निळा म्हणजे एक, सोनेरी म्हणजे आठ. सलग वाचलं की सातशेवीस आकडी मूळ संख्या! एक आणि ती स्वतः, बाकी कुणाचाच तिला भाग जात नाही. उद्या चर्चला दीडशे वर्षं होणार. बाबा या संख्येवरच प्रवचन करणार होते, नेहमीसारखं अर्धं गाऊन. फक्त शेवटची ओळ विणायची राहिली होती.

माझं नाव मारेन, मी आर्हुसच्या विद्यापीठात संख्यासिद्धांतच शिकवते. सवयीनं त्याच्या आराखड्यातल्या आकड्यांची बेरीज केली.

"मास्तर… हिला तीननं भाग जातो."

"शक्यच नाही! मी तपासलीय—" तो थबकला. "झेंडा बुटका दिसत होता… मागाहून एक टाका सोनेरी केला. पुन्हा तपासायचं राहिलंच."

"मग उसवा तो टाका."

"खबरदार!" बोट विणणाऱ्या गुड्रुनबाईंनी सुई रोखली. "माझ्या नवऱ्याची बोट आहे ही. वादळातून परत आली. झेंडा खाली येणार नाही!"

"आणि बाबांनी उद्या खोटं गायचं?"

मी कोऱ्या ओळीकडे पाहिलं. "समुद्रावर थोडं ऊन सांडलं तर? चार सोनेरी टाके इकडेतिकडे… चार-पाचशे वेळा बदलून पाहिलं तर एखादी सापडेल."

त्यानं लॅपटॉप उघडला. तीनशे एक्याण्णवाव्या खेपेला तो ओरडला, "सापडली!"

"बहुतेक सापडली. पक्की सिद्धता हवी."

"तुम्ही सगळ्यांनाच इतकं तपासता?"

"आवडलेल्यांनाच," मी बोलून गेले.

सिद्धताही मिळाली. चुकणाऱ्यानं सगळ्यांना केक द्यायचा, हा इथला रिवाज. तो त्यानं पाळलाच. शिवाय गुड्रुनबाईंनी शेवटची ओळ त्यालाच विणायला लावली. मी आकडे वाचत होते, तो बोटं टोचून घेत होता.

रविवारी बाबांचा आवाज छताला भिडला. "ज्यांचे तुकडे पाडता येत नाहीत, अशी ही देवाची माणसं!" सगळे उठून गाऊ लागले. गुड्रुनबाई रडत रडत सर्वांत मोठ्यानं.

"मारेन…" विलाड्स कुजबुजला. "मला तुम्ही… फार आवडता."

"नीट ऐकू आलं नाही."

"आवडता!" तो जवळजवळ ओरडलाच. नेमका तेव्हाच ऑर्गन थांबला होता.

सगळं चर्च वळून बघू लागलं. बाबासुद्धा.

मी त्याचा टोचलेला हात हातात घेतला.

"मलाही तू आवडतोस," मी म्हटलं, अगदी मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.