माझ्याआधी वाजणारी बेल

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांच्याशी वाद घालायची ताकद माझ्यात नाही. दिवसभर लोकांची दारं वाजवून आलेल्या बाईला घरी बसून गोष्टी रचायला सुचत नाही. जे झालं तेवढंच सांगते.

१२ डिसेंबर २०१९. गुरुवार. दुपारचे चार वाजत आले होते.

कारागांडा शहराच्या बाहेरची एक खाण कामगारांची वस्ती. नाव मुद्दाम सांगत नाही. तिथे अजून माणसं राहतात.

मी आयगानिम. तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. घरोघर जाऊन पाण्याचे फिल्टर विकायचं माझं काम. आजही तेच करते.

दिवसाला चाळीस दारं. बहुतेक उघडतच नाहीत. उघडली तर माझं "नमस्कार" पूर्ण व्हायच्या आत बंद होतात. चांगले दिवसही येतात, नाही असं नाही. एकदा एका आजीने माझं सगळं ऐकून घेतलं, दोन प्याले दुधाचा चहा पाजला आणि म्हणाली, "पोरी, फिल्टर नको. पण तू येत जा, छान बोलतेस." त्या दिवशी मी हसत घरी गेले होते.

तो गुरुवार तसा नव्हता.

उणे बावीस तापमान. सकाळपासून एकही फिल्टर गेला नव्हता. डावा गुडघा सुजला होता. एकच इमारत उरली होती, पाच मजली, निम्मी रिकामी. दाराशी उभी होते तेवढ्यात वेनेराचा फोन आला. वेनेरा म्हणजे कामावरची माझी वरिष्ठ.

"काय गं, किती?"

"बत्तीस दारं. विक्री शून्य."

"आवाज का मेलाय तुझा? असल्या आवाजाला मीसुद्धा दार उघडणार नाही."

"वेनेरा, पाय गेलेत माझे."

"बेल हाताने वाजवतात. ती शेवटची इमारत कर आणि घरी जा."

मी आत शिरले.

तळमजल्यावर, म्हणजे तिथल्या हिशेबाने पहिल्या मजल्यावर, एकाच घरात माणूस होता. बनियनवर दार उघडलं, डोळ्यांत झोप. रात्रपाळीचा असणार.

"आत्ताच नाही म्हटलं ना तुला?" तो वैतागला. "किती वेळा उठवणार?"

दार बंद.

मला काही वाटलं नाही. टाळायला लोक काहीही बोलतात.

मी जिना चढू लागले. तेवढ्यात वरून आवाज आला...

बेलचा.

दोनदा. मध्ये एक श्वास थांबून.

माझ्या अंगावर काटा आला, आणि क्षणभर का ते कळेना. मग लक्षात आलं. मीही बेल तशीच वाजवते. पहिल्यांदा एकदा, मग एक श्वास, मग पुन्हा. बारा वर्षांची सवय.

दुसऱ्या मजल्यावर जिन्यात कोणी नव्हतं. दोन्ही दारं वाजवली. एकातून म्हातारीचा आवाज आला, "सांगितलं ना मघाशी, पोरगा घरी नाही."

वर पुन्हा बेल वाजली...

आता तिसऱ्या मजल्यावर.

मी गुडघा धरून जमेल तितकी भरभर चढले. जिन्यात कोणीच नव्हतं. एक दार मात्र उघडं होतं. उंबऱ्यात एक बाई उभी होती, हात कणकेने भरलेले. तिचं नाव राकिया, ते मला नंतर कळलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"तू खाली कधी गेलीस?"

"मी खालूनच येतेय, ताई. पहिल्यांदाच."

"चेष्टा करतेस? आत्ता इथे स्टुलावर बसली होतीस. पाणी मागितलंस. काय विकतेस विचारलं, तर तोंडातून शब्द नाही."

"दुसरी कोणी असेल."

"अच्छा. आणि ही करडी शाल? ही पट्टा तुटलेली पिशवी, लाल दोरीने बांधलेली? त्या दुसरीकडेही हीच का?"

मी आत पाहिलं. स्वयंपाकघरात वाफ कोंडली होती, खिडकीच्या काचा ओघळत होत्या. स्टुलावर पाण्याचा ग्लास होता. काठोकाठ भरलेला.

आणि त्या ग्लासावर बाहेरून...

बर्फ धरला होता.

राकियानेही तो तेव्हाच पाहिला. तिने कणकेच्या हातांनीच दार लावून घेतलं.

मी वेनेराला फोन लावला. "या इमारतीत आणखी कोणाला पाठवलंस?"

"माझ्याकडे आहे कोण? तू आणि आपला गाडीवाला. तो शाल घेऊन फिरत असेल तर मला कळव."

तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण खरं सांगते, भीतीपेक्षा राग जास्त होता. इतकी दमले होते, आणि कोणीतरी माझी दारं माझ्याआधी खराब करत चाललं होतं.

चौथ्या मजल्यावरच्या घरांना फळ्या ठोकलेल्या होत्या.

वर पावलं वाजली. सावकाश. डावा पाय थोडा ओढत...

मग बेल. श्वास. पुन्हा बेल.

कडी सरकल्याचा आवाज. दार करकरलं.

आणि मग काहीच नाही. दार बंद झाल्याचा आवाज नाही. बोलण्याचा नाही.

पाचव्या मजल्यावर एक दार अर्धवट उघडं होतं. गच्चीच्या झडपेला गंजलेलं कुलूप. जिना एकच, आणि त्यावर मी. खाली कोणी गेलं असतं तर मला घासून गेलं असतं.

"कोणी आहे का?"

आतून कण्हल्याचा आवाज आला.

एक म्हातारे गृहस्थ स्वयंपाकघराच्या जमिनीवर पडले होते. मगाविया त्यांचं नाव. मांडीचं हाड मोडलेलं, ओठ निळे पडलेले. मी रुग्णवाहिका बोलावली, माझी शाल त्यांच्यावर टाकली आणि त्यांचा हात हातात घेऊन बसले.

त्यांनी डोळे उघडले.

"परत आलीस?"

"आत्ताच आलेय, आजोबा."

"मघाशी इथेच बसली होतीस की. हात फार गार होते तुझे. मी म्हटलं, बाळा, कोणाला तरी बोलाव. तर उठून गेलीस."

मी दाराकडे पाहिलं. "आजोबा, तुम्ही दार कसं उघडलंत?"

"मी? सकाळपासून असाच पडलोय मी. कडी आतून होती."

रुग्णवाहिका येईपर्यंत मी त्या दाराकडे पाठ केली नाही.

आजोबा वाचले. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर कठीण होतं. त्यांच्या मुलीने नंतर दोन फिल्टर घेतले. वेनेराने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी स्वतःची समजूत घातली, जे काही होतं ते चांगलं होतं. त्याने एक जीव वाचवला.

जानेवारीपर्यंत ही समजूत टिकली.

माझा नवरा रेल्वेत आहे, महिना महिना बाहेर असतो. घरी मी आणि सासूबाई. त्यांना मी आपा म्हणते. एका संध्याकाळी घरी पोचले तर दाराला आतून साखळी. फटीतून आपांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कोण तू?"

"आपा, मी आयगानिम."

"आयगानिम घरात आहे. दमून आली, जेवलीसुद्धा नाही. आत झोपलीय."

शेजारीण आली तेव्हा कुठे त्यांनी साखळी काढली. आतल्या खोलीत कोणी नव्हतं.

त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. पण तेव्हापासून आपा दार उघडायच्या आधी मला एक नाव विचारतात. सून होऊन आले तेव्हा आमच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना एक वेगळं लाडाचं नाव दिलं होतं. ते आमच्या दोघींशिवाय कोणाला माहीत नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही. मी नाव सांगते, साखळी निघते. इतकी वर्षं असंच चाललंय.

गेल्या मंगळवारी मी बेल वाजवली. नाव सांगितलं.

साखळी निघाली नाही.

"आपा?"

मग दाराला अगदी चिकटून त्यांचा आवाज आला. हळू, आत कोणाला ऐकू जाऊ नये असा...

"नाव बरोबर आहे. पण तिनेही बरोबरच सांगितलं."

किती वेळ मी जिन्यात उभी होते, आठवत नाही. शेवटी त्यांनी दार उघडलं. खोल्या पाहिल्या. दुसरं कोणीच नव्हतं. फक्त माझं अंथरूण घातलेलं होतं, आणि त्यात मधोमध खळगा पडला होता. हात लावला तर बर्फासारखा गार.

आपा दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांची कोण आहे, हे त्या अजून ठरवत होत्या.

गुडघा ठणकत होता. त्याच अंथरुणात, त्याच खळग्यात आडवी झाले.

दुसऱ्या दिवशी चाळीस दारं होती.