भवानीचं गिऱ्हाईक

बार्शीच्या जुन्या पेठेत दुकानं उघडली की लोक आधी एकमेकांच्या पाट्या बघत. प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात करंगळीएवढा दिवा असे. हिरवा म्हणजे दुकान ठणठणीत, पिवळा म्हणजे जपून, आणि लाल दिव्याबद्दल पेठेत मोठ्यानं कुणी बोलत नसे. त्या सकाळी रेवणसिद्ध आप्पा कोऱ्यांचा दिवा पिवळा झालेला सुरेखा डोंबेनं पाहिला.

आप्पा पत्र्याच्या पेट्या आणि डबे विकत. त्यांच्यासमोर सुरेखाचं टॉवेल-बनियनचं दुकान होतं आणि आप्पांच्या शेजारी रफीकभाई बागवानांचं चपलांचं. नवरा गेल्यावर सुरेखा रडत घरी बसली होती, तेव्हा तिला हात धरून दुकानात आणणारे, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते शिकवणारे आप्पाच होते.

दिवे 'तगांक' नावाच्या यंत्रणेचे होते. दुकान पुढल्या वर्षापर्यंत तग धरेल का, याचा अंदाज ती रोज आकड्यात काढी आणि त्यावरून दिव्याचा रंग ठरे. गल्ल्याशेजारी बसवलेली चकती कोण आलं, काय घेतलं, कितीदा नुसतं बघून गेलं, हे टिपून घेई आणि देशभरातल्या लाखो दुकानांच्या अनुभवाशी ताडून बघे. घाऊक व्यापारी दिवा पाहूनच माल धाडत. खरं सांगायचं तर यंत्रणा काही वाईट नव्हती. पूर्वी माणसं घरदार फुंकून टाकेपर्यंत दुकान रेटत राहायची, आता वेळेवर सावध होत. खुद्द सुरेखाला तिनंच स्वेटर ठेवणं बंद करायला लावलं होतं, आणि तिथून तिचं दुकान वर आलं होतं.

पेठेची एक रीत मात्र या दिव्यांहून जुनी होती. कुणाची भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, ऊन चढेपर्यंत झाली नाही, तर शेजाऱ्यानं जाऊन करायची. काहीतरी बारीकसारीक घ्यायचं, रोख द्यायचे आणि त्याविषयी चकार शब्द काढायचा नाही. सुरेखा रस्ता ओलांडून आप्पांकडे जाऊ लागली.

"परत डबा? सुरेखा, तुझ्या घरात माणसं ऱ्हात्यात का डबे गं?"

"द्या की गुमान. गिऱ्हाइकाला असं उलटं बोलत्यात व्हय, आप्पा?"

रफीकभाईंनी एक पेटी चपलांसाठी नेली, एक जावयासाठी, आणि जावई नको म्हणाला तेव्हा तिसरी त्याच्या भावासाठी. मग सगळी पेठच लोटली. आप्पा पुन्हा शीळ घालत दुकान झाडू लागले. विक्री वाढली होती, हे तर कुणालाही दिसत होतं. तरी दिवाळी होते न होते तोच त्यांचा दिवा लाल झाला आणि पत्र्याच्या व्यापाऱ्यानं माल थांबवला.

चकत्या तपासायला कंपनीची चैत्राली मोकाशी सोलापूरहून येत असे. सुरेखानं तिला दुकानात बसवून घेतलं, चहा सांगितला.

"मॅडम, आप्पांचा माल जास्त खपतोय. मग दिवा लाल कसा? चकती बिघडली असंल."

चैत्रालीनं हातातल्या पडद्यावर बराच वेळ बघितलं. "बिघडली नाही, काकू. त्यांच्याकडे घेणारे बहुतेक सगळे शेजारचे दुकानदारच आहेत ना? यंत्रानं लाखो दुकानं पाहिलीत. जिथं शेजारी दुकानदारांची खरेदी वाढते, ते दुकान वर्षभरात बंद होतं, असं त्याला दिसलंय. आणि घेणाऱ्या शेजाऱ्यांच्या दुकानांचाही आकडा जरासा उतरतो."

"अवो, आम्ही आजाऱ्याला भेटायला गेलो, तर तुमचं यंत्र म्हणतंय ह्यो आता मरणार?"

"यंत्र काही करत नाही, काकू. ते फक्त बघतं."

"आन् व्यापारी यंत्राकडं बघत्यात."

चैत्रालीनं चहा अर्धाच प्यायला.

आप्पांना सांगावं की नाही, या विचारानं सुरेखाला जेवण जाईना. न सांगावं तर फसवल्यासारखं, सांगावं तर त्यांच्या हाती उरलेलं एवढंसं सुखही काढून घ्यायचं. शेवटी तिनं सांगितलं, आणि सांगताना तिला रडू आवरेना.

आप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"पेट्या कोण घेतंय आता, पोरी? दुकान बसणारच हुतं. पर आणखी दोनेक वर्सं काढली असती. तवर दुसरं काय तरी धरलं असतं मी. कुलपं, न्हाईतर बागेतल्या कुंड्या. सुचत हुतं काय काय." मग तेच तिची समजूत घालू लागले. "तुमी काय वाईट केलं? तुमी शेजारधर्म केला."

महिन्याभरात ते दुकान गुंडाळून मुलीकडे तुळजापूरला गेले. त्यांना नवं काही सुचलं असतं की नसतं, ते चाललं असतं की तेही बसलं असतं, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. सुरेखाला त्याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटे.

पेठेनं भवानीची रीत बंद केली. कुणी तसं ठरवलं नाही. माणसं आपापल्या गल्ल्यावर बसून राहू लागली आणि लोकांना सवय झाली.

नंतर एका उन्हाळ्यात घरोघरी पाणी टिपूनही ओलं न राहणाऱ्या कापडाचे पंचे आले. ते झटकले की कोरडे होत आणि वर्षानुवर्षं फाटत नसत. ज्यानं ते काढले त्याची भरभराट झाली, त्यात वावगं काही नव्हतं. सुरेखाचा दिवा पिवळा झाला.

त्या दिवशी ऊन चढलं तरी तिच्या दुकानाची पायरी कुणी चढलं नव्हतं. समोर रफीकभाई उंबऱ्यावर उभे होते. त्यांची नजर तिच्या दिव्याकडे गेली, मग तिच्याकडे. त्यांनी एक पाय खाली टाकला. सुरेखानं घाईघाईनं मान हलवली : नका, रफीकभाई, येऊ नका.

ते थबकले. पाय मागे घेतला, आणि वळून आत निघून गेले.

त्यांनी ऐकलं, म्हणून तिला क्षणभर हायसं वाटलं. मग तिचं लक्ष त्यांच्या पाटीवरल्या हिरव्या दिव्याकडे गेलं. ते तिच्यासाठी मागे फिरले होते, की स्वतःसाठी? आणि हे त्यांना तरी नक्की सांगता आलं असतं का?