ड्युटीवर पान्सित

माझ्या वाढदिवसाला पान्सितचा, म्हणजे इथल्या परतलेल्या शेवयांचा, भलामोठा ट्रे सांभाळत मी हॉस्पिटलात शिरले, तेव्हा लिफ्टजवळच्या बाकावर एक मुलगा बसल्या बसल्या झोपला होता. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, मान एका खांद्यावर कललेली... आणि चेहऱ्यावर अशी शांतता, की आजूबाजूला हॉस्पिटल नसून आजोळ आहे.

"ए, ऐक ना," मी म्हटलं, "विद्यार्थ्यांची खोली कुठंय?"

त्याने एक डोळा उघडला. मग ओठांचा चंबू केला आणि तो डावीकडच्या दारावर नेमका रोखला. फिलिपीन्समधल्या दावावला डॉक्टरकी शिकायला आल्याचं माझं पाचवं वर्ष होतं, म्हणून मी शांत राहिले. पहिल्या वर्षी असाच चंबू करून रस्ता दाखवणाऱ्या एका म्हाताऱ्या दुकानदाराला मी भर बाजारात अस्सल वऱ्हाडीत झापलं होतं. इथे ओठांनीच दिशा दाखवतात हे तेव्हा मला कुठे ठाऊक होतं! बिचाऱ्याने वर मला एक केळं फुकट दिलं होतं.

आता मुलाचा दुसरा डोळा उघडला. ट्रेकडे बघून.

"ते... पान्सित आहे?"

"हो. वाढदिवस आहे माझा."

"आणि तू ड्युटीवर आलीयेस?"

"हो. पहिलीच. का?"

"देवा रे," तो ताडकन उभा राहिला. "तुला कुणी सांगितलंच नाही?"

वाढदिवसाला लांब शेवया खाल्ल्या की आयुष्य लांबतं, एवढं मी शिकले होते आणि त्याचा मला अभिमानही होता. पण त्याच शेवया ड्युटीवर खाल्ल्या की ड्युटी लांबते, पेशंटांची रांग संपता संपत नाही, म्हणून दावावमधला कुठलाही डॉक्टर पान्सितचा वाससुद्धा हॉस्पिटलात येऊ देत नाही, हे माझ्या पाच वर्षांच्या शिक्षणातून नेमकं निसटलं होतं. खोलीत ट्रे ठेवला मात्र... सगळे भिंतीला चिकटले. एका मुलीने तर छातीवर क्रूस काढला.

"मला दे," मघाचा मुलगा म्हणाला. "मला भूक लागलीय. आणि माझ्या ड्युटीला माशीसुद्धा आजारी पडत नाही."

"खरंच?"

त्याने भुवया उडवल्या.

"अरे, हो की नाही?"

त्याने पुन्हा भुवया उडवल्या. इथे भुवया उडवणं म्हणजे हो. कळायचं मला ते, पण आमच्या वाशीमला भुवया उडवल्या की माणूस "काय गं, लई शहाणी झालीस?" असं विचारतो, त्यामुळे दरवेळी उगाच डोकं तापायचं.

"तोंडाने बोल की!"

"तोंडात पान्सित आहे," तो म्हणाला आणि कलामान्सीची, म्हणजे इथल्या इवल्याशा लिंबाची, फोड पिळून पुन्हा खायला लागला. त्याचं नाव एल्जून. हसला की त्याचा एकच गाल खळी पाडायचा, दुसरा आळशी होता.

त्याची बशी रिकामी व्हायच्या आत फोन वाजला. एका लग्नातली कच्ची मासळी बाधली होती. अख्खं वऱ्हाड आलं – नवरा, करवल्या, बँडवाले, पाद्रीबाबा आणि मांडीवर बादली घेतलेली नवरी. मी सलाइन लावता लावता नवरीची जाळीची ओढणी सावरत होते आणि तेवढ्यात एल्जूनची ड्युटी संपली. दाराशी वळून त्याने हात हलवला.

"हॅपी बर्थडे!"

असला राग आला म्हणून सांगू! आणि रागात ती एक खळी का आठवत राहिली, ते कळेना.

त्या दिवसापासून मी 'टॉक्सिक' ठरले. इथल्या हॉस्पिटलांच्या भाषेत टॉक्सिक म्हणजे जिच्या पायगुणाने पेशंट येतात ती. साध्या मराठीत, पांढऱ्या पायाची. लहानपणी आत्याबाई मला तसं म्हणाल्या होत्या, तेव्हा आईने त्यांच्याशी महिनाभर अबोला धरला होता. इथे तर प्रोफेसरच म्हणायचे! आणि ते नुसतं म्हणण्यापुरतंही नव्हतं. मी अस्थिविभागात गेले, त्या आठवड्यात नारळाच्या झाडांवरून माणसं टपाटपा पडली. डोळ्यांच्या विभागात गेले, तर साथ आली. शाल्मली गावंडेची ड्युटी कधी आहे ते बघून लोक आपल्या ड्युट्या बदलून घ्यायला लागले. जेवायच्या टेबलावर माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. मी हसण्यावारी न्यायचे... पण वसतिगृहात परतल्यावर आईचा फोन मुद्दाम आवाज चढवून, मजेत असल्यासारखा घ्यायचे.

म्हणून प्रसूतिविभागात पहिल्याच दिवशी जे झालं, त्यावर माझा विश्वास बसेना. आमच्या वरिष्ठ डॉक्टर होत्या डॉक्टर लुमान्ताद, सगळ्यांच्या 'डॉक'. त्यांच्यासमोर एल्जून उभा होता आणि म्हणत होता, "डॉक, मला शाल्मलीच्या ड्युटीला टाका."

"शुद्धीवर आहेस ना, दोंग?" इथे मुलाला लाडाने दोंग म्हणतात, मुलीला इंदाय.

त्याने भुवया उडवल्या.

माझ्याबरोबर! आपण होऊन! मी लगबगीने हातमोजे घालायला घेतले आणि ते उलटे घातले.

"मागची नाडी," तो म्हणाला.

"काय?"

"गाऊनची. सुटलीय. बांधू?"

प्रसूतिखोलीतला गाऊन मागून बांधायचा असतो, आपला आपल्याला बांधता येत नाही. एल्जून मानेपाशी आणि कमरेपाशी हलक्या हाताने गाठ मारायचा, दोन सारखे पंख असलेली. "घट्ट झाली?" विचारायचा. मी नाही म्हणायचे. खरं तर श्वास अडकलेला असायचा, पण त्यात नाडीचा काही दोष नव्हता.

आणि बाळं? विचारू नका. खाटा कमी पडल्या. पहिल्याच बाईला धीर देताना मला बिसाया भाषेतला शब्द ऐनवेळी आठवेना, आणि मी ओरडले, "जोर लाव, बाई! जोर लाव!" बाईने डोळे विस्फारून माझ्याकडे बघितलं आणि असा जोर लावला, की एल्जूनने बाळ जेमतेम झेललं.

"काय मंत्र होता तो?" त्याने बाळ पुसता पुसता विचारलं.

"मंत्र नाही. मराठी आहे."

"जोल्लाव."

"जोर... लाव."

"जोर लाव," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "छान वाटतं म्हणायला. तुझ्याकडचे लोक प्रेमानेसुद्धा असंच ओरडतात?"

"आमच्याकडचे लोक प्रेमाने जास्तच ओरडतात."

"मग तू माझ्यावर रोज ओरडतेस ते—"

"नाळ कापायला घे!"

तीन-चार दिवसांत सगळा विभाग 'जोर लाव' म्हणायला लागला. नेनिता आते, म्हणजे तिथल्या अनुभवी परिचारिका (इथे आते म्हणजे ताई), त्या तर सगळ्यात मोठ्याने. एका आईला तो शब्द इतका आवडला, की तिने मुलाचं नाव जोर्लाव ठेवलं. जोर्लाव काबाहुग. मी तिला समजावायला निघाले होते, पण एल्जूनने माझी बाही धरली.

"राहू दे. माझ्या चुलतभावाचं नाव बॉयेट ज्युनियर आहे आणि त्याच्या बापाचं नाव रॉबर्ट. तिला आवडलंय ना?"

एका दुपारी मात्र कुणीच आलं नाही. बाहेर रोजचा पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत होता. आम्ही खिडकीत बसून तुरोन खात होतो. गरम, कुरकुरीत, आत केळं आणि फणस, बोटांना साखरेचा पाक. त्याने माझ्या हनुवटीवर चिकटलेला कण ओठांच्या चंबूने दाखवला. मी पुसला. चुकीच्या बाजूचा. मग त्यानेच तो... एका बोटाने अलगद काढला.

"आज किती शांत आहे नाही?" तो म्हणाला.

"असं बोलायचं नसतं ड्युटीवर!"

"आज बोलू दे," तो हसला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

मला तो आवडत होता. उगाच आडून काय सांगायचं? मला एल्जून फार आवडत होता, आणि त्यालाही मी... असं माझं मन मलाच सांगून सांगून थकत नव्हतं.

मग एके दिवशी नेनिता आतेंनी एका वाक्यात सगळं खाली आणलं. अगदी निष्पाप मनाने, कापसाचे बोळे मोजता मोजता.

"दोंग एल्जून सुटला गं बाई एकदाचा! आजचं त्याचं शेवटचं बाळ."

"सुटला म्हणजे?"

"तुला माहीत नाही, इंदाय? मागच्या खेपेला तो इथेच अडकला ना! त्याच्या ड्युटीला बायका दारापर्यंत यायच्या, कळा थांबायच्या, घरी परत. बाळंतपणं पुरी नाहीत तर पास कसा करणार? शेवटी मीच त्याला म्हटलं, त्या इंडियन मुलीच्या ड्युटीला जा, पटकन सुटशील. आणि बघ, सुटला की!"

त्या हसल्या. मीही हसले. मग मी मागच्या दाराशी गेले, रुग्णवाहिका थांबते तिथे. एल्जून पत्र्याखाली उभा होता, हातात छत्री. माझीच वाट बघत असावा.

"तू माझ्या ड्युटीला माझ्या पायगुणासाठी आलास?"

त्याने छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग फार हळू, फार कसनुशा भुवया उडवल्या.

"तोंडाने बोल, एल्जून."

"हो... पण ते सुरुवातीला, शाल. नंतर—"

"अभिनंदन. सुटलास."

"ऐक तरी!"

नाही ऐकलं. पावसात तशीच चालत सुटले. सगळं जग मला टाळत होतं ते परवडलं, पण ज्या एकाने जवळ बोलावलं, त्याला मी नाही, माझा पांढरा पायच हवा होता. जीपनीत, म्हणजे इथल्या लांबलचक जीपगाडीत, बसल्यावर शेजारच्या आजीने न विचारता मला रुमाल दिला. मी तो पार भिजवून परत केला.

त्यानंतर त्याची ड्युटी दुसऱ्या विभागात लागली. माझे प्रसूतिविभागातले उरलेले दिवस नेनिता आतेंनी माझी नाडी बांधली. तांदळाचं पोतं बांधावं तशी. तिकडे एल्जूनच्या विभागात म्हणे सगळे घोरत होते.

आणि माझा तिथला शेवटचा दिवस उजाडला. दुपार झाली. आश्चर्य म्हणजे विभाग शांत होता. डॉक लुमान्ताद पाय वर करून बसल्या होत्या आणि कुणीही तो शांत शब्द उच्चारू नये म्हणून सगळ्यांवर डोळे वटारत होत्या. तेवढ्यात दार उघडलं.

एल्जून. साधा शर्ट, भिजलेले केस. हातात ट्रे. ट्रेवर केळीचं पान, आणि पानाखालून येणारा लसणाचा, सोयाचा, कलामान्सीचा ओळखीचा घमघमाट.

"दोंग," डॉक दबक्या आवाजात म्हणाल्या, "ते पान्सित नाही असं सांग."

"पान्सितच आहे, डॉक."

नेनिता आतेंच्या हातून स्टीलचं भांडं पडलं.

"वाढदिवस कुणाचा?" डॉक ओरडल्या.

"कुणाचाच नाही."

"मग? वेड लागलंय तुला?"

"शाल्मलीची ही इथली शेवटची ड्युटी आहे," तो म्हणाला. सगळ्यांसमोर, कान लाललाल. "ती... ती संपू नये, म्हणून."

त्याने टेबलावर ट्रे ठेवला, काटा उचलला आणि माझ्याकडे बघत एक मोठा घास घेतला. मग दुसरा काटा माझ्यापुढे धरला. मी तो घेतला.

आणि फोन वाजला.

तोरिलहून गाडी निघाली होती. एका बाईला जुळं, दुसरीचं पाणी गेलेलं, आणि गाडी चालवणाऱ्याच्या बायकोलाही रस्त्यात कळा सुरू झालेल्या. डॉक लुमान्ताद खुर्चीतून अशा उठल्या, की एल्जून दोन पावलं मागे सरकला.

"तू! तू कुठे निघालास?"

"माझी ड्युटी नाही, डॉक..."

"पान्सित कुणी आणलं? घाल गाऊन!"

पुढची धावपळ सांगत नाही. पहिली बाई खाटेवर आली, डॉक पायथ्याशी उभ्या राहिल्या, मी त्यांच्यासमोर हातमोजे घालून हात वर धरले, आणि माझ्या लक्षात आलं की माझी नाडी सुटलीय. मागे कुणीतरी आलं. मानेपाशी ओळखीची बोटं लागली.

"शाल," तो माझ्या कानामागे पुटपुटला, "आता तुला पळून जाता येणार नाही, म्हणून बोलतो. मी सुटण्यासाठीच आलो होतो. पण त्या दुपारी एकही बाई आली नाही, आपण तुरोन खाल्लं, आठवतं? माझं एक बाळ हुकलं म्हणून मी वैतागायला हवं होतं. मला वाटलं, कुणीच येऊ नये. तेव्हाच मला कळलं." नाडी बांधणारे हात थांबले. "पायगुण घेऊन काय करू मी? मला तू आवडतेस. अख्खी तू... मी तुला आवडतो?"

पाच वर्षं ज्याला नावं ठेवली, तेच मी केलं. भुवया उडवल्या. अगदी कपाळाला भिडतील इतक्या.

मागून काहीच आवाज नाही. मी पुन्हा उडवल्या. तिसऱ्यांदाही.

"शाल...? काहीतरी बोल ना..."

तो माझ्या पाठीशी उभा होता, त्याला माझं तोंड कसं दिसणार!

"अरे गाढवा, हो म्हणतेय ती!" समोरून डॉक लुमान्ताद गरजल्या. "केव्हाची भुवया उडवतेय! आता ती नाडी सोड आणि बाळ झेलायला ये!"

"काय... काय म्हणाली?" खाटेवरच्या बाईने कळांमधून मान उचलून विचारलं.

"हो म्हणाली," नेनिता आते तिचं कपाळ पुसत म्हणाल्या.

"बरं झालं बाई," ती म्हणाली आणि पुढची कळ आली.

एल्जून धावत माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याचा तो आळशी गालसुद्धा त्या दिवशी खळी पाडायचा प्रयत्न करत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे, आणि मग आम्ही दोघं एकदम ओरडलो –

"जोर लाव!"