वहीतली साखर

देवेश माझ्या खोलीत पहिल्यांदा आला तो चुकून. हवी होती एक्स-रेची खोली, आणि उघडलं माझं दार! सोबत त्याचे वडील, रघुकाका. पायाच्या बोटाची जखम महिनाभर भरत नव्हती.

"इथे फोटो काढतात ना?"

"इथे फक्त गप्पा मारतात."

"मग बसतो की..." आणि बसलाच.

मी समीक्षा. कल्याणच्या एका दवाखान्यात डायबेटिसच्या पेशंटना समजावते. हुकूम नाही सोडायचा, माणसाला स्वतः ठरवू द्यायचं. डॉक्टर इन्सुलिन म्हणत होते. काका म्हणाले, "बाय, मना सुई नको." मग ठरलं – दहा दिवस पथ्य, रोज घरीच साखर तपासून वहीत लिहायची, आणि त्यावरून काकांनीच निर्णय घ्यायचा.

काका घरीच राहायचे. वही घेऊन देवेश यायचा. पहिला आकडा दोनशे साठ. नंतर मात्र एकशे बारा, एकशे आठ... मी खुलायचे, तो माझ्याकडे बघत राहायचा. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

दहाव्या दिवशी काका आले. बोट काळपट पडलेलं. साखर तीनशे चाळीस!

"देवेश, हे आकडे?"

"मीच लिहिले," तो पुटपुटला. "भावकीत तीन हळदी झाल्या, बाबा सगळीकडे जेवले. तिथे नाही जेवलं तर माणसं रुसतात. आणि पहिल्या दिवशी तुमचा चेहरा पडलेला... मला नाही बघवलं."

"माझ्या चेहऱ्यासाठी वडिलांचा पाय घालवतोस?" अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं. राग त्याच्यावर होता, स्वतःवरही होता. दहा दिवस मी वही बघत बसले, पाय एकदाही बघायला मागितला नाही.

काका सगळं ऐकत होते.

"पोरा, पाय माजा हाय ना? मंग मना खरं सांगायचं." ते माझ्याकडे वळले. "दाव बाय, सुई कुठं टोचायची ती."

दोन महिन्यांनी बोट वाचल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. मी धावतच बाहेर आले. देवेश जिन्यात उभा होता, आत यायची हिंमत नसलेला.

"वाचलं रे!"

त्याने डोळे पुसले. मग एकदम म्हणाला, "मला तू आवडतेस. तू नाही म्हणालीस तरी चालेल..." थांबला. "नाही, हे खोटं झालं. अजिबात चालणार नाही."

मला हसू आलं, रडूही आलं. तिथेच जिन्यात, येणाऱ्या-जाणाऱ्या पेशंटसमोर, मी त्याला हो म्हटलं.