जुन्या विमानाची काठी

टक्. रॉकेलच्या डब्यात सोडलेली काठी तळाला टेकली, तेवढ्याने घरातली शांतता मोडली. इंदूने दचकून आतल्या खोलीकडे पाहिलं. आजारी आईचा आत्ताच डोळा लागला होता. ती हलली नाही. मग इंदूने डबा सपाट फरशीवर सरकवला आणि काठी पुन्हा घातली. डबा कलता असला की माप चुकतं, हे दीड महिन्याच्या घरकामात तिला पाठ झालं होतं.

तेवढ्यात खुंटीवरचा बाबांचा जेवणाचा डबा दिसला. आजही विसरले! धाकटा मुन्ना आणि सुट्टीसाठी खमरिया गावाहून आलेला मामेभाऊ शैलेंद्र यांना घेऊन ती विमानतळाकडे निघाली. दोघं पोरं एका सायकलवर, इंदू मागून चालत. पाय दुखून आले होते, पण बोलणार कोणाला?

बाबा, म्हणजे पुंडलिक मिस्त्री, मालक भय्यासाहेबांची दोन छोटी विमानं सांभाळत. पिवळं जुनं, निळं यंदाचं. आज निळ्यातून बाबा आणि भय्यासाहेब नागपूरला जाणार होते.

"दोन्ही एकाच कंपनीची," शैलेंद्रने पाठ सुरू केला. "पंख तेच, टाक्या त्याच. फक्त जुन्याचं तिसरं चाक शेपटीखाली, म्हणून ते बेडकासारखं नाक वर करून बसतं. नव्याचं चाक नाकाखाली, म्हणून ते सरळ उभं राहतं."

"तुझं नाक कोणत्या मॉडेलचं?" मुन्नाने विचारलं.

बाबा निळ्याच्या पंखावरच्या टाकीत खाचांची काठी बुडवून पाहत होते. डोळे लाल झालेले. दोन रात्री पाठ टेकली नव्हती. विमानातला पेट्रोलचा काटा कमी दाखवतोय, असं ते म्हणाले. भय्यासाहेब हसले. काटा नवा आहे, बसायला वेळ लागेल. काठी सोळा गॅलन म्हणते ना, मग झालं.

इंदू काठीकडे पाहतच राहिली. ती पिवळ्या विमानाची होती. खाचा ते नाक वर करून बसलेलं असताना पाडलेल्या.

मालकासमोर बाबांची चूक काढायची? पण त्या विमानात बाबाच बसणार होते.

"बाबा, थांबा. ही काठी इथे चालायची नाही."

"काहून गं?" बाबा थकून म्हणाले. "दहा वर्षं हीच वापरून राहिलो."

इंदूने जेवणाचा डबा उघडला. त्यातला वरणाचा पुडा पुढून उचलून तिरका धरला आणि पुढच्या कडेशी एक वाळकी काडी बुडवली. वरण मागे गेलेलं, काडी अर्धं बोट भिजली. मग पुडा सपाट ठेवला. आता काडी बोटभर भिजली.

"वरण तेवढंच आहे, बाबा. टाकीचं तोंडही पुढच्याच कडेला आहे. सरळ उभ्या विमानात ही काठी जास्तच दाखवणार."

बाबांनी काडीकडे पाहिलं, मग टाकीकडे, आणि काठी बाजूला ठेवली.

भय्यासाहेबांचं हसू मावळलं. टाक्या रिकाम्या करून पेट्रोल मापलं. सोळा नव्हे, जेमतेम दहा गॅलन. समोरून येणाऱ्या वाऱ्यात ते वाटेतल्या सिवनीच्या जंगलावरच संपलं असतं.

"काट्यावर मीच हसलो, मिस्त्री," भय्यासाहेब हळू आवाजात म्हणाले. "चूक माझी. पोरी, तू आज दोन घरं वाचवलीस." उड्डाण उद्यावर गेलं. शैलेंद्रने लगेच सांगून टाकलं, की विमानांची माहिती इंदूला त्यानेच दिली होती.

बाबा पंखाच्या सावलीत नव्या काठीवर खाचा पाडायला बसले. इंदूच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. तिसऱ्या खाचेवर चाकू थांबला. बसल्या जागी झोप लागली होती. इंदूने चाकू अलगद काढून घेतला.

मुन्ना तिच्या कानाशी आला.

"ताई, आपली सुट्टी जूनपर्यंत आहे. बाबांची कधी लागते?"

इंदूने जेवणाचा डबा झाकून बाबांच्या शेजारी सावलीत ठेवला.